खरें उत्तर आणि खरेपणा

उत्तर खरें असूनहि तें देणारा खोटा ठरूं शकतो काय, आणि उत्तर चुकलें असतांहि तें देणाऱ्यास खरा म्हणतां येईल काय, हा प्रश्न वरवर पाहतां शब्दांचा खेळ वाटेल. आम्हांसहि तो पुष्कळ वर्षें तसाच वाटत असे. परंतु गेल्या वर्षीं एका लहानशा चाचणीच्या निमित्तानें हाच प्रश्न दोन विद्यार्थ्यांच्या रूपानें आमच्यापुढें येऊन उभा राहिला, आणि तेव्हांपासून त्यानें आमचा पिच्छा सोडलेला नाहीं. प्रकरण क्षुल्लक आहे; दहा गुणांच्या एका उदाहरणापलीकडे त्याची व्याप्ति नाहीं. तरी ज्या घरांत शिकतीं मुलें आहेत अशा प्रत्येक घराशीं त्याचा संबंध पोंचतो असें आम्हांस वाटतें, म्हणून तें वाचकांपुढें मांडीत आहों.

आम्ही मूळचे गणिताचे अध्यापक. आमच्या विद्यार्थिदशेंत संगणक म्हणजे कॉलेजांतील एक थंडगार खोली, आणि देवघरांत जावें तसें पादत्राणें बाहेर काढून तींत जावयाचें, एवढीच आमची त्याशीं ओळख होती. पुढें काळ पालटला, आणि पन्नाशी गांठतां गांठतां प्रथम वर्षाच्या मुलांस आज्ञावली लिहावयास शिकविण्याचें काम आमच्याकडे आलें. आज्ञावली, म्हणजे मुलें ज्यास प्रोग्राम म्हणतात ती, ही कांहीं गूढ वस्तु नव्हे. एखादें काम पायरीपायरीनें कसें करावें हें यंत्रास सांगणें, इतकाच तिचा अर्थ. अडचण एवढीच कीं, यंत्र आज्ञाधारक असलें तरी समजूतदार नसतें. आपण घरांत 'जरा चहा टाका' म्हटलें कीं आधण, साखर, पूड, दूध हें सारें ऐकणारा आपल्या पदरचें घालून घेतो. यंत्र पदरचें कांहींच घालीत नाहीं. त्यास 'प्रथम भांडें घ्या' येथपासून सांगावें लागतें, आणि सांगणाऱ्याच्या मनांत जें होतें पण तोंडांतून आलें नाहीं, तें यंत्राच्या लेखीं नव्हतेंच.

या कामासाठीं नवशिक्यांस जीं उदाहरणें घालण्याची वहिवाट आहे तीं बहुधा संख्यांचीं असतात. दिलेली संख्या सम कीं विषम तें सांगा; ती मूळ संख्या आहे काय तें ठरवा; अमुक वर्ष लीप वर्ष आहे काय तें काढा. हीं उदाहरणें चौथी-पांचवींतलीं म्हणून मुलें प्रथम हंसतात, आणि घटकाभरानें त्यांचें हंसूं मावळतें. जिला एक व ती स्वतः यांखेरीज दुसरा भाजक नाहीं ती मूळ संख्या, ही व्याख्या आपण सर्वांनींच घोकलेली असते. ती शब्दशः यंत्रास सांगितली कीं यंत्र एक या संख्येसहि मूळ संख्या म्हणून मोकळें होतें. कारण एकास वगळावयाचें असतें हें आपण गृहीत धरिलें होतें, सांगितलें नव्हतें. चारानें भाग जातो तें लीप वर्ष, असें सांगावें तर १९०० सालीं यंत्र फेब्रुवारीचे एकोणतीस दिवस मोजतें. शतकी वर्षास चारशेंनीं भाग गेला पाहिजे हा १५८२ सालच्या पंचांगसुधारणेंतील नियम सांगावयाचा राहून गेलेला असतो. आपणांस एखादी गोष्ट येते असें आपण म्हणतों तेव्हां ती आपणांस किती अर्धवट येत असते, हें या उदाहरणांइतकें स्वच्छ दाखविणारें साधन आम्हीं दुसरें पाहिलेलें नाहीं. त्यांचें उत्तर कोणासहि नको असतें. १९०० हें वर्ष लीप नव्हतें हें साऱ्या जगास ठाऊक आहे. त्या उदाहरणांची किंमत असलीच तर तीं सोडविणाऱ्याच्या अंतरांत जो फरक पडतो त्यांत आहे.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. नाशिकजवळ देवळाली येथें शाळामास्तरकी करणारे द. रा. कापरेकर यांचें नांव वाचकांनीं ऐकिलें असेल. संख्यांशीं खेळणें हाच त्यांचा जन्माचा छंद. अंकांच्या बेरजेनें जिला भाग जातो अशा संख्येस त्यांनीं 'हर्षद' असें गोड नांव दिलें, यावरूनच त्या गृहस्थांची वृत्ति दिसून येईल. त्यांनीं १९४९ सालीं शोधिलेला एक चमत्कार असा : चार अंकी कोणतीहि संख्या घ्या, मात्र तिचे चारहि अंक सारखे नसावेत. ते अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि पहिलींतून दुसरी वजा करा. येणाऱ्या बाकीवर पुनः तीच क्रिया करा. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ या संख्येशीं येऊन थांबतां, आणि एकदां तेथें आलां कीं तेथेंच राहतां. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च उरतात. कित्येक पंडितांस हा पोरखेळ वाटला. पुढें १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील आपल्या सदरांत कापरेकरांविषयीं लिहिलें, आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव जगभर झालें. आज हें उदाहरण देशोदेशींच्या नवशिक्यांस घालण्यांत येतें.

तेंच आम्हीं आमच्या वर्गास घातलें. 'दिलेल्या संख्येवर ही क्रिया, तीच संख्या पुनः येईपर्यंत, करावी व शेवटची संख्या छापावी,' एवढाच आमचा प्रश्न. साठ मुलांचें काम तपासण्यास वेळ कोठून आणावा? तेंहि यंत्राकडेच सोंपविलें. दहा संख्या आम्हीं निवडल्या. प्रत्येक आज्ञावलीस त्या दहा घालावयाच्या, आणि जितकीं उत्तरें बरोबर तितके गुण. त्या दहांत १०००, २१११ आणि ९९९८ या तीन आम्हीं मुद्दाम घातल्या होत्या. कारण २१११ मधून १११२ वजा केले असतां ९९९ उरतात. येथें ती बाकी ०९९९ अशी चार अंकीच धरावयाची असते, म्हणजे पुढची वजाबाकी ९९९० मधून ०९९९ अशी होते, आणि ८९९१, ८०८२, ८५३२ असें करीत आपण ६१७४ शीं पोंचतों. परंतु तें आरंभीचें शून्य जो विसरेल तो ९९९ मधून ९९९ वजा करील, आणि त्याचें उत्तर शून्य येईल. अशी ही खांच आम्हीं मोठ्या हौसेनें खणून ठेविली होती, आणि आपल्या चातुर्याबद्दल मनांतल्या मनांत थोडे खूषहि झालों होतों.

निकाल लागला. एका विद्यार्थ्यास दहापैकीं दहा पडले. एका विद्यार्थिनीस सात पडले. दुसऱ्या दिवशीं ती मुलगी आमच्या खोलीशीं आली. गुण वाढवून मागण्यास आली असेल असें समजून आम्हीं आमचें नेहमींचें उत्तर ओठांवर तयार ठेविलें होतें. तिनें हातांतला कागद पुढें केला व म्हणाली, "सर, कापरेकरांचं चुकलं होतं कां? मी हातानंहि करून पाहिलं. २१११ घेतले तर शून्यच येतं."

आम्हीं तिची आज्ञावली प्रथमच उघडून वाचली. अंक निराळे काढणें, ते चढत्या व उतरत्या क्रमानें लावणें, वजाबाकी करणें, मागची बाकी लक्षांत ठेवून पुढचीशीं ताडून पाहणें, हें सारें तिनें स्वतःच्या बुद्धीनें, अडखळत पण पूर्णपणें केलें होतें. एकच शून्य वाटेंत सांडलें होतें. मग कुतूहलानें त्या दहा गुणांच्या विद्यार्थ्याचीहि आज्ञावली आम्हीं उघडली. ती एका ओळीची होती. कोणतीहि संख्या दिली तरी ती '६१७४' एवढेंच छापीत असे.

वाचक हंसतील; आम्हांस त्या वेळीं हंसूं आलें नाहीं. विद्यार्थ्यास बोलावून विचारलें. तो गडबडला नाहीं कीं ओशाळला नाहीं. म्हणाला, "सर, कोणतीहि संख्या घ्या, शेवटीं ६१७४ च येणार असं तुम्हींच वर्गांत सांगितलंत. मग यंत्राला उगीच राबवायचं कशाला?"

हें उत्तर उडवून लावण्याजोगें नाहीं. त्याच्या आज्ञावलीनें एकहि खोटी गोष्ट सांगितली नव्हती. आणि श्रम वांचविणें हा दोष म्हणावा तर सारें गणितच दोषी ठरेल. जर्मन गणिती गाउस याची एक आख्यायिका आम्ही दरवर्षीं मुलांस सांगतों. गुरुजींनीं एकपासून शंभरपर्यंत बेरीज करावयास सांगितली असतां, इतर मुलें पाटीवर आंकडे मांडीत असतांनाच या पोरानें एक व शंभर, दोन व नव्याण्णव अशा एकशेंएकाच्या पन्नास जोड्या मनांत जुळवून ५०५० हें उत्तर पाटीवर लिहून दिलें. त्यानें तरी सांगितलेली क्रिया कोठें केली? त्यास आम्ही प्रज्ञावंत म्हणावें, आणि आमच्या विद्यार्थ्यास लबाड म्हणावें, हा न्याय कोणता?

शिवाय त्याच्या बाजूनें आमच्याच परंपरेंतला एक साक्षीदारहि उभा करतां येईल. नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार प्रमाणें मानिलीं आहेत, आणि प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्याच पंक्तीस शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचें वचन, यासहि बसविलें आहे. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हें आपणांपैकीं कितीजणांनीं स्वतः सिद्ध केलें आहे? आपलें बहुतेक ज्ञान असेंच दुसऱ्याच्या वचनावर विसंबलेलें असतें, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. विद्यार्थ्यानें आपल्या अध्यापकाचा शब्द प्रमाण मानला, यांत अपराध कोणता?

यावर आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. आम्हांस दिसलेला भेद असा. गाउसनें सांगितलेली वाट सोडली खरी, परंतु तो दुसऱ्या वाटेनें तेथेंच पोंचला होता; त्यास कोणी 'कां?' असें विचारलें असतें तर पन्नास जोड्या त्याच्या हातांत होत्या. आमच्या विद्यार्थ्याच्या हातांत आमच्या शब्दावांचून कांहीं नव्हतें. गंमत अशी कीं, त्यास तें मिळविणें अवघडहि नव्हतें. चार अंकी संख्या एकंदर नऊ हजार. त्यांतून चारहि अंक सारखे असलेल्या नऊ वगळल्या तर ८९९१ उरतात. यंत्रास त्या सगळ्या तपासून पाहण्यास डोळ्याचें पातें लवण्याइतकाहि वेळ लागत नाहीं. आणि संख्याच मोजक्या असल्यामुळें सगळ्या तपासल्या म्हणजे ती सिद्धताच झाली. त्यानें एकदां हें केलें असतें, आणि मग ती एक ओळ लिहिली असती, तर आम्हीं तिला वर्गांतलें सर्वोत्तम उत्तर म्हटलें असतें. अक्षरें तींच राहिलीं असतीं, यंत्रास कांहींहि फरक दिसला नसता. आणि तरी तें उत्तर निराळें झालें असतें. म्हणजे खरेपणा हा उत्तराचा गुण नसून उत्तर देणारा व उत्तर यांमधील नात्याचा गुण आहे, असें आम्हांस म्हणावेंसें वाटतें.

आणि शब्दप्रमाणाचें काय? तें प्रमाण खरेंच. पण तें जेथें ज्ञान मागितलें असेल तेथें चालतें. आम्हीं त्या दिवशीं ज्ञान मागितलें नव्हतें, अभ्यास मागितला होता. मुलीस गाणें शिकवीत असलेल्या घरांत पहाटे तंबोऱ्यावर षड्ज लावण्याऐवजीं तिनें एखाद्या नामांकित गायिकेची ध्वनिमुद्रिका लावून ठेविली, तर शेजाऱ्यांच्या कानांवर पडणारा स्वर तिच्या स्वराहून कितीतरी शुद्ध असेल. त्या स्वरांत खोटें कांहींच नाहीं. परंतु गळा तिचा तयार व्हावयाचा होता, तो झाला नाहीं. आणि आई दुसऱ्या खोलींतून समाधानानें मान डोलावीत राहिली, ती मात्र फसली. शेजाऱ्यांस गाणें मिळालें म्हणून रियाज झाला असें कोणी म्हणत नाहीं.

आतां त्या मुलीच्या चुकीकडे पाहूं. चूक ती चूकच. तिला बरोबर म्हणण्याचा भाबडेपणा आम्हांस करावयाचा नाहीं. परंतु चुकांचींहि कुळें असतात. सतराव्या शतकांत फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें एका विशिष्ट रीतीनें तयार होणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पांच संख्या मूळ आहेत असें पाहून, त्या मालिकेंतल्या पुढच्या सर्वच संख्या मूळ असतील असा कयास बांधिला. १७३२ सालीं ऑयलरनें दाखविलें कीं लगेचची सहावी संख्या, ४२९४९६७२९७, हिला ६४१ नें भाग जातो. ब्रह्मगुप्तानें ६२८ सालीं शून्याशीं करावयाच्या क्रियांचे नियम घालून दिले, त्यांत शून्यास शून्यानें भागिलें असतां शून्य येतें असें म्हटलें. तें आज कोणी मानीत नाहीं. पुढें बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं शून्यानें भागिलेल्या राशीस 'खहर' हें वेगळें नांव देऊन तो विचार पुढें नेला. या थोरांच्या चुका पुढच्यांस दुरुस्त करतां आल्या, कारण त्यांनीं आपली वाट उघडी ठेविली होती. कोठें पाय घसरला हें मागून येणाऱ्यास दिसत होतें. आमच्या विद्यार्थिनीचें शून्य कोठें सांडलें तें आम्हांस दोन मिनिटांत सांपडलें. उलट त्या एका ओळींत चूक शोधावयास जागाच नव्हती, आणि म्हणून त्या ओळीपासून कोणासहि कांहीं शिकतां येण्याजोगें नव्हतें, लिहिणाऱ्याससुद्धां नाहीं.

येथवर लिहून आम्ही थांबलों असतों तर तो शहाणपणा दुसऱ्यास शिकविण्याचा प्रकार झाला असता. कारण या प्रकरणांत तिसरा एक अपराधी आहे, आणि तो आम्ही स्वतः. शेवटची संख्या छापा, असा प्रश्न आम्हीं घातला. ज्या उदाहरणाचें शेवटचें उत्तर आधींच सर्वांस ठाऊक आहे त्यांत तेवढेंच विचारणें हा मूर्खपणा आमचा. आम्हांस वाट पाहावयाची होती, आणि आम्हीं मुक्काम विचारला. कष्ट करणारीसाठीं खांच खणली, आणि न करणाऱ्यासाठीं दार सताड उघडें टाकलें. वर साठ मुलांपैकीं एकाचेंहि काम स्वतः न वाचतां गुण देऊन मोकळे झालों. म्हणजे त्या विद्यार्थ्यानें जें केलें तेंच आम्हींहि केलें होतें. त्यानें आमच्या शब्दावर उत्तर छापलें, आणि आम्हीं यंत्राच्या शब्दावर गुण छापले.

हा प्रश्न आतां आमच्या वर्गापुरता राहिलेला नाहीं. आज अशीं यंत्रें घरोघरीं आलीं आहेत कीं जीं उदाहरण सांगतांच संपूर्ण आज्ञावली लिहून देतात, निबंध लिहून देतात, पत्रें लिहून देतात. आणि त्यांत वाटेचा देखावाहि इतका हुबेहूब असतो कीं पायऱ्या दाखवा म्हणून मागणी केली तरी पायऱ्याहि मिळतात. तेव्हां परीक्षकानें कितीहि हुशारीनें प्रश्न घातला तरी खरेपणाची पारख केवळ कागदावरून होण्याचे दिवस सरत आले आहेत. आईबापांनींहि 'किती पडले?' या प्रश्नाबरोबर 'कसें केलेंस, मला सांग पाहूं' असें विचारण्याची संवय लावून घ्यावी, यापलीकडे आम्हांस उपाय दिसत नाहीं. तो प्रश्न विचारण्यास गणित यावें लागत नाहीं. पुढें बसून ऐकण्यास वेळ काढावा लागतो, आणि तोच आम्हीं काढला नव्हता.

गुणांचें काय केलें, असें वाचक विचारतील. त्या विद्यार्थ्याचे दहा गुण आम्हीं तसेच राहूं दिले. प्रश्न आमचा सदोष होता, त्याचा दंड त्याच्याकडून वसूल करणें न्यायाचें झालें नसतें. मुलीचे सातहि सातच राहिले. नियम आधीं जाहीर केलेला, आणि तीन उत्तरें चुकलेलीं. हा न्याय झाला असें म्हणण्यास आमची जीभ अजून वळत नाहीं. वर्गांत उभे राहून आम्हीं आपली चूक सांगितली, त्या शून्याची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या वेळेपासून प्रत्येकाशीं समोर बसून त्याचें काम त्याच्याच तोंडून ऐकण्याचें ठरविलें. साठ मुलें, पुष्कळ दिवस जातात. जाऊं देत.

चार दिवसांनीं ती मुलगी पुनः आली. तिनें आपली आज्ञावली दुरुस्त केली होतीच. पण दुरुस्त करण्यापूर्वीं जुनी, चुकीची आज्ञावली तिनें सगळ्या ८९९१ संख्यांवर चालवून पाहिली होती. तिचें उत्तर कोठें कोठें चुकत होतें याची यादी तिनें हातानें लिहून आणली होती. तींत अडुसष्ट संख्या होत्या, आणि त्या सगळ्यांत तीन अंक सारखे व चौथा त्यांहून एकानेंच कमी वा जास्त होता. "अशा संख्येची पहिली वजाबाकी नेहमीं ९९९ च येते, सर," असें सांगून, तें तसें कां येतें हेंहि तिनें आमच्या फळ्यावर मांडून दाखविलें. तें आम्हीं तिला विचारलें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर तोंपर्यंत आम्हीं स्वतःहि कधीं मोजलें नव्हतें.